मातेचा चढ

त्या वर्षी दिवाळी झाली आणि मी देवापुढे दिवा लावणं बंद केलं. कुणाशी भांडले नाही, कुणाला सांगितलंही नाही. संध्याकाळ झाली की देवघराशी जायचे, काडेपेटी हातात घ्यायचे आणि तशीच ठेवून स्वयंपाकघरात परत यायचे. ह्यांच्या ते लक्षात आलं होतं. ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. माझं माहेर इच्छापूरचं, देवीच्या टेकडीखालचं. शाळेची परीक्षा असो, बाळंतपण असो, केळीवर आलेला रोग असो, आमच्या घरी सगळं आधी देवीला सांगायची पद्धत. तशी ह्यांच्यासाठीही मी तिच्या पायऱ्या चढले, ओटी भरली, मंगळवार धरले. प्रत्येक वेळी खाली उतरताना वाटायचं, आता रिपोर्ट चांगला येईल. तो आधीपेक्षा वाईट यायचा. शेवटी इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयही कमजोर झालंय, नवीन किडनी बसवण्याचा विचार आता करता येणार नाही. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी खूप वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होते. आपलं म्हणणं वर कुठे पोचतच नाही, हे तेव्हा मनात पक्कं झालं.

हे कागदाच्या मिलमध्ये फिटर होते. मूळचे खान्देशातले, नोकरीसाठी मध्य प्रदेशात आले आणि इथलेच झाले. रिटायर झाल्यावर आम्ही बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यात राहायला आलो. हाताला काम नसलं की ह्यांना चैन पडत नसे. माझ्या भावाच्या शेतात, केळीच्या शेडमध्ये, ह्यांनी एक फिरती खोली बांधायला घेतली. दोन चाकांची, जीपच्या मागे जोडून न्यायची. आत दोघांपुरता पलंग, लहानसा ओटा, पाण्याची टाकी, जाळीच्या खिडक्या. आम्ही दोघांनी नर्मदेचे घाट बघायचे, सातपुड्यात मुक्काम करायचा, असं ठरलं होतं. मीही गाडी चालवायचे. लग्नाआधी केळीची ट्रॉली जोडून ट्रॅक्टर चालवला होता, जीप ह्यांनी शिकवली. खोली जवळपास पुरी झाली, फक्त तिला स्वतःचा ब्रेक बसवायचा राहिला होता, तेवढ्यात ह्यांच्या पायांवर सूज दिसली. ब्रेक राहिला तो राहिलाच.

ह्यांना मशीनवर चढवायचं नाही, घरीच पोटातून डायलिसिस करायचं ठरलं. पोटात एक नळी बसवली. औषधी पाण्याची पिशवी उंच टांगायची, आधीचं पाणी नळीतून खालच्या पिशवीत काढायचं आणि नवीन पाणी पोटात सोडायचं. दिवसातून चार वेळा. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. जरा घाण गेली तर पोटात पू होतो, असं नर्सबाईंनी इतकं बजावलं होतं की स्वप्नातही मी हातच धूत असायचे. आमचं सगळं जग एका खोलीत आलं. बाहेर जायचं म्हटलं तरी चार-पाच तासांच्या आत परत यावं लागायचं. हे खिडकीशी बसून रस्ता बघायचे. एक दिवस म्हणाले, "आपली ती खोली धुऊन घेतली तर? त्यातही पिशवी टांगता येईल की." एवढंच बोलले आणि पुन्हा रस्ता बघायला लागले.

त्याच सुमाराला ह्यांच्या आत्याचा फोन आला. म्हणाल्या, "अवं, तुम्ही लग्न झाल्यावर आपल्या कुळाच्या मातेच्या ठाण्यावर गेलाच नाहीत. गावची देवी तर नंतर आणून बसवलेली. मूळ ठाणं सातपुड्यात, वर पठारावर आहे." मी हो-हो केलं. माझा विश्वास तर कधीच उडाला होता. पण बुडणाऱ्या माणसाचा हात जसा आपोआप वर जातो, तसं माझं झालं. मनाशी म्हटलं, एक शेवटचं मागून बघू. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "देवीचं तुझं तू बघ. मला एक रात्र त्या खोलीत झोपायचंय, बस." इंदूरला असलेल्या आमच्या मुलीला कळलं तेव्हा ती फोनवर ओरडलीच. "मम्मी, तू पागल झालीस का? पप्पांची हालत बघ ना जरा! जंगलात कुछ हो गया तो?" तिचं बरोबरच होतं. पण मी ऐकलं नाही. त्या दिवसांत मला कुणाचंच बरोबर असणं सहन होत नव्हतं.

डिसेंबर होता. सकाळची पिशवी घरी उरकून आम्ही निघालो. बाकीच्या पिशव्या मागच्या खोलीत, धुतलेल्या चादरींबरोबर ठेवल्या. दुपारची एक मात्र जीपमध्ये, समोरच्या काचेखाली उन्हात ठेवली. गार पाणी पोटात गेलं की ह्यांना कळ यायची, म्हणून ती कोमट व्हायला. असीरगडच्या अलीकडे डोंगरात वळेपर्यंत हे खुशीत होते. मागे वळून वळून खोलीकडे बघायचे, म्हणायचे, "कशी सरळ येतेय बघ." डांबर संपलं, मग मुरूम संपला आणि सागाच्या जंगलातून नुसती दगडांची वाट वर चढायला लागली. पावसाळ्यात पाण्याने तिच्यात खोल चर पाडले होते. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे खाली कोरडा नाला. जीप जुनी असली तरी चारही चाकांनी ओढणारी होती. चारही चाकं लावून, सगळ्यात लहान गिअरमध्ये मी एकेक वळण चढत होते. मागच्या खोलीतली भांडी वाजत होती. त्या वाटेवर ती खोली न्यायला नको होती, हे मला पहिल्या वळणातच कळलं होतं. पण वळवायला जागाच नव्हती.

वर पठाराची कड दिसायला लागली होती तेव्हा चाकांखालचे दगड सुटले. जीपची चाकं जागच्या जागी फिरली, इंजिन बंद पडलं. घाईघाईत मी लहान गिअरचा दांडा ओढला तो मध्येच अडकला, ना इकडे ना तिकडे. त्यामुळे गिअरचा धाक चाकांना उरला नाही. हँडब्रेक ओढला तर गाडी तरीही मागे सरकत होती. मागच्या खोलीचं सगळं वजन तिला खाली खेचत होतं, आणि ती खोली तिरकी होऊन तिचं एक चाक नाल्याच्या कडेला गेलं होतं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ब्रेकवर उभी राहिल्यासारखा पाय दाबला. गाडी थांबली. पाय जरा सैल केला की ती हलायची. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आता मला इथून उठता येणार नाही.

"मी दगड लावतो," म्हणत ह्यांनी दार उघडलं.

"अहो, उतरू नका! तुम्हाला वजन उचलायचं नाही!"

"मग काय करू? बसून बघू?"

ते उतरले. आरशात मला दिसत होते. वाकून दगड उचलायचे, पोटाशी धरून दोन पावलं चालायचे, थांबायचे. पोटात दोन लिटर पाणी, त्यात ती नळी. मी ओरडत होते, ते ऐकत नव्हते. दोन-तीन दगड चाकामागे टाकले असतील, ते सरळ बाजूला घरंगळले. मग हे पोटावर हात दाबून वाटेच्या कडेला, डोंगराच्या बाजूला खाली बसले. चेहरा पांढराफटक पडला होता. मी हाका मारल्या तर त्यांनी नुसता हात वर केला. माझा माणूस तिथे बसला होता, आणि मला त्याच्यापर्यंत जाता येत नव्हतं. फोनला रेंज नव्हती. पाय थरथरायला लागला होता, मांडीत गोळा आला होता.

अशा वेळी माणूस देवाचा धावा करतो असं म्हणतात. मी नाही केला. मी देवीला बोलले, जे तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या दारात येईपर्यंतसुद्धा तुला धीर निघाला नाही का, म्हटलं. ह्यांना बरं करत नाहीस तर करू नकोस, निदान असं रस्त्यावर तरी बसवू नकोस. मग तेही शब्द संपले. आणि मनात एक अगदी शांत विचार आला, जो सांगायला मला आजही जड जातं. हे तर गाडीतून उतरलेत. आता मी पाय उचलला तर गाडीबरोबर मी एकटीच जाईन. रोजच्या पिशव्या, रोजची भीती, रिपोर्टची वाट बघणं, सगळं एका क्षणात थांबेल. त्या विचाराची मला भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. पाय इतका दुखत होता की उचलणं हेच सोपं होतं.

"पैर मत उठा, माय!"

खालच्या बाजूने आवाज आला. आरशात बघितलं तर डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई चढावरून जवळजवळ पळत येत होती. "मत उठा! मैं आती!" माझ्या मनातलं तिला दिसलं होतं, असं मी म्हणत नाही. अशा चढावर अडकलेली गाडी बघून कुणीही हेच ओरडलं असतं. पण ती हाक त्याच क्षणाला आली, आणि माझा पाय तिथेच राहिला, एवढं मी सांगू शकते. तिने मोळी डोक्यावरून उतरवली नाही, मान झटकून सरळ खोलीच्या चाकामागे टाकली आणि पायाने आत रेटली. दिवसभर फिरून गोळा केलेली लाकडं असतील ती. कडकड मोडली, पण चाक त्यात रुतून बसलं. मग जीपच्या चाकांमागे तिने मोठाले दगड आणून एकावर एक असे ठोकून बसवले. माझ्या खिडकीशी आली, धापा टाकत म्हणाली, "अब्बी भी मत उठाना. मेरे लोगों को बुलाती." आणि मोठ्याने कूक घातली. डोंगरात कुठेतरी तिला उत्तर मिळालं.

तिच्या फाल्यातले, म्हणजे वस्तीतले, चार-सहा पुरुष आले. तोवर ती ह्यांच्याशेजारी जाऊन बसली होती. त्यांना तिने पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. मला जे करता येत नव्हतं ते ती करत होती. पुरुषांनी दोर खोलीला बांधून एका सागाला गुंडाळला, पण वर ओढायला जोर पुरेना, आणि कडेची माती ढासळायला लागली. एकजण म्हणाला, "दादा, जीप बचानी है तो ये छोड़नी पड़ेगी." सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे उठले, झाडाला धरून उभे राहिले. त्या खोलीचा प्रत्येक जोड ह्यांनी स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून जोडला होता. ते म्हणाले, "छोड़ दो भाई. ब्रेक नहीं लगा पाया मैं उसको."

माणसांनी खोली खांद्याने जराशी पुढे रेटली, जीपला जोडणारी खीळ ओढली आणि बाजूला झाले. मोळी चिरडत, दोर तोडत खोली मागे गेली, कडेवर क्षणभर थांबली आणि नाल्यात कोसळली. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता. जीप जागची हलली नाही. बाईने दार उघडून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "अब उठा ले, माय." मी पाय उचलला तर तो माझा वाटेना. तिने मला धरून खाली उतरवलं.

दुपारच्या पिशवीची वेळ उलटून गेली होती. बाकीच्या पिशव्या नाल्यात फुटल्या होत्या. काचेखालची एक मात्र तशीच होती, उन्हाने कोमट झालेली. मास्क, नळीचं नवीन टोपण आणि हात धुवायचं औषध माझ्या पर्समध्ये असायचंच. पण स्वच्छ खोली कुठून आणायची? जीपच्या काचा वर केल्या, सीट पुसली, हात पुन्हा पुन्हा धुतले. तरी पिशवी टांगायला उंच आकडा नव्हता. वरच्या कापडी टपाला अडकवली तर सुटून यायची. बाई बाहेरून बघत होती. मी तिला सगळं समजावलं नाही, समजावण्याएवढं त्राण नव्हतं. तिने टपाच्या कापडाची एक कड सोडवली, जीपच्या पायरीवर चढली आणि पिशवी हातात घेऊन हात वर केला. "इत्ता ऊंचा होना?" मी मान हलवली. मी आतून ती कड चादरीने झाकून घेतली.

पोटातलं पाणी खालच्या पिशवीत यायला लागलं. आधी लालसर आलं. माझा जीव उडाला. काहीतरी फाटलं, मीच ह्यांना इथे आणून मारलं, असं वाटलं. हे डोळे मिटून पडले होते. हळूहळू रंग फिका होत गेला, मग नेहमीसारखं पिवळसर, नितळ पाणी आलं. मी कळ फिरवली आणि वरचं पाणी सोडलं. त्या सगळ्या वेळात ती बाई पायरीवर उभी होती. चादरीच्या फटीतून मला तिचा फक्त दंड दिसत होता. त्यावर हिरवं गोंदण होतं, लाकडांचे ओरखडे होते, आणि हात जराजरासा कापत होता. "थक गई होगी, दूसरा कोई पकड़ लेगा," मी म्हटलं. "नहीं ना," ती म्हणाली. मला एकदम रडू फुटलं. जिन्यात फुटलं नव्हतं, ब्रेकवर फुटलं नव्हतं. मास्क भिजेल म्हणून मी मान वळवून रडले. ह्यांनी डोळे न उघडता माझ्या पाठीवर हात ठेवला.

निघताना मी तिचं नाव विचारलं. रमलीबाई म्हणाली. तिची मोळी गेली म्हणून मी काहीबाही बोलायला लागले तर तिला ते समजलंच नाही. "लकड़ी तो जंगल में पड़ी है," म्हणाली. वर मातेच्या ठाण्याकडे मी बघितलं. झाडांच्या वर पठाराची कड होती, एक निशाण होतं बहुतेक. ती म्हणाली, "आज जा. माता कहीं नहीं जाती." माणसांनी अडकलेला दांडा हलवून मोकळा केला, जीप धरून धरून वळवली, आणि आम्ही खाली उतरलो. दर्शन झालं नाही. नवस बोलायचाही राहिला. बराच रस्ता गेल्यावर हे म्हणाले, "पडली पण कशी सरळ, बघितलीस?" आणि हसले. किती महिन्यांनी.

ह्यांच्या पोटाला काही झालं नाही. डॉक्टर रागावले, मुलगी रडली, पण त्या पाण्यातून इन्फेक्शन आलं नाही. इतकंच. आजार हटला नाही. चैत्रात हृदयाने साथ सोडायला सुरुवात केली. शेवटच्या आठवड्यात ह्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं की आता दवाखान्यात न्यायचं नाही. आधीची मी असते तर हात-पाय आपटले असते, पुन्हा इंदूरला नेलं असतं, पुन्हा देवीशी भांडले असते. तेव्हा मी नुसती बरं म्हणाले. रात्रंदिवस शेजारी बसून राहिले. दुःख कमी नव्हतं, आजही नाही. सकाळी उठले की चार पिशव्यांची वेळ अजून शरीराला आठवते आणि करायला काहीच नसतं. कितीतरी सकाळी अशा जातात की चहा करावासाही वाटत नाही.

मी देवीकडे ह्यांचं आयुष्य मागायला निघाले होते, ते मला मिळालं नाही. हे मी कुणापासून लपवत नाही, आणि तिने दुसऱ्या रूपात दर्शन दिलं असंही सांगत सुटत नाही. रमलीबाई रमलीबाईच होती, तिला घरी जाऊन चूल पेटवायची होती. पण ज्या क्षणी माझ्याकडून काहीच होण्यासारखं उरलं नव्हतं, त्या क्षणी मला एकटीला सोडलेलं नव्हतं, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सगळं आपणच धरून ठेवायचं असतं, आपण सोडलं की जग कोसळेल, या समजात मी आयुष्य काढलं. काही कोसळलंच. तरी धरणारे हात माझ्याखेरीज दुसरेही होते, आणि मी हाक मारली नव्हती तरी ते आले होते. त्या हातांना मी नमस्कार करते, आणि ज्याने कुणी ते पाठवले असतील त्यालाही. त्याच्याकडे मागण्यासारखं आता माझ्याजवळ काही नाही. जे होईल ते त्याच्या ओटीत घालून मी दिवस काढते.